ओरोसच्या माळावरून आकाशातले सिनेमे

परवाच्या मे महिन्यात आमची नात पुण्याहून सुट्टीला आली ती कपड्यांच्या बॅगेबरोबर सिनेमांची यादी घेऊनच. ‘आजोबा, यंदा तुम्हाला मी शिकवणार,’ असे तिने जाहीर केले. मी तिला पत्ते शिकवले, झापावर चालणारी मुंगी मोजायला शिकवले, त्याची परतफेड म्हणून असेल. अट एकच घातली. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर एक सिनेमा, घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहायचा, आणि त्या वेळात सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरातल्या कांद्यांच्या टोपलीत. अट मी घातली आणि पहिल्याच रात्री मोबाइल काढायला टोपलीकडे गेलो तोही मीच. दंड म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी फणस फोडावा लागला.

आम्ही राहतो सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि कातळाच्या माळावर ही नगरी वसवायचे ठरले. नोकरीनिमित्त मी इथे आलो तेव्हा माळावर आखलेले रस्ते होते, इमारती उभ्या राहत होत्या, आणि संध्याकाळी सहा वाजले की साहेब, कारकून, शिपाई असे सगळे कुडाळ-कणकवलीच्या गाड्या पकडून नाहीसे होत. रात्री रस्त्यावरचे दिवे कोणासाठी जळताहेत हे दिव्यांनाही ठाऊक नसे. परग्रहावर माणसांनी वसाहत केली तर पहिली काही वर्षे ती अशीच दिसेल, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे. तेव्हा विज्ञानपट पाहायला ओरोसइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नसावी.

नातीच्या यादीतला पहिला शब्द होता ‘कल्ट’. म्हणजे काय, असे विचारले तर ती म्हणाली, ‘जो सिनेमा आला तेव्हा कोणी पाहिला नाही आणि नंतर ज्याच्यावाचून लोकांचे चालेना, तो.’ उदाहरण म्हणून तिने रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ लावला. १९८२ साली तो आला तेव्हा स्पिलबर्गच्या ‘ई. टी.’ने सगळे प्रेक्षक पळवले आणि हा बिचारा पडला. आज मात्र भविष्यातले शहर दाखवायचे म्हटले की जगभरचे दिग्दर्शक त्याच्याच पावसात भिजलेल्या गल्ल्या उसन्या घेतात. गोष्ट घडते २०१९ सालच्या लॉस एंजलिसमध्ये. ते साल येऊन गेले. उडत्या मोटारी सोडा, आपला मुंबई-गोवा महामार्गही तोवर पुरा झाला नव्हता. पण सिनेमा जुना झालेला नाही. त्यातल्या कारखान्यात घडवलेल्या माणसांना आयुष्य दिले आहे फक्त चार वर्षांचे, आणि त्यांची मागणी एवढीच, की आणखी थोडे जगू द्या. ही मागणी कुठल्या सालात जुनी होईल?

मात्र नातीची व्याख्या मला अपुरी वाटली आणि मी तसे सांगितले. सिनेमा आधी पडलाच पाहिजे, ही अट कशाला? ‘अंदाज अपना अपना’ १९९४ साली पडला आणि नंतर घराघरांत पाठ झाला हे खरे. पण आपला ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली पहिल्यापासूनच चालला. धनंजय माने कुठे राहतात हे आज शाळेतल्या पोरालाही विचारावे. त्याचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी त्या घराचे भाडे थकले होते! महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू १९९३ सालचा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आठवून आमची लेक अजूनही अंधाऱ्या माडीवर जात नाही, आणि ती आता चाळिशीला आली. ही मंडळी टिकली ती समीक्षकांनी उचलून धरली म्हणून नव्हे. व्हिडिओ कॅसेट, मग केबल, मग रविवार दुपारचा टीव्ही, अशा वाटेने ती घरात शिरली आणि नात्यातली झाली.

माझी व्याख्या आमच्या जत्रेतली आहे. दशावतारात एकच बाकडे असते. तेच सिंहासन, तोच डोंगर, प्रसंगी तेच पाताळ. कथा सगळ्यांना पाठ. तरी पार्सेकर किंवा मोचेमाडकर मंडळींचा नाट्यप्रयोग असला की थंडीत कांबळे पांघरून माणसे पहाटेपर्यंत बसतात. कशासाठी? पुढे काय होणार हे कळावे म्हणून नव्हे. ते ठाऊकच असते. ते आज कसे होते, हे सगळ्यांच्या शेजारी बसून पाहायचे असते. ज्या सिनेमाची माणसे अशी जत्रा भरवतात, तो कल्ट. तो पडला की चालला, हा हिशेब निर्मात्याचा.

‘तुंबाड’चे उदाहरण ताजे आहे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ साली आला, नावाजला गेला, पण गर्दी फारशी झाली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. त्याच्या मुळाशी नारायण धारपांची भयकथा आहे, आणि नावात श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण. रत्नागिरी जिल्ह्यातले हे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा दिल्ली-लखनौच्या मुलांनी तिकिटे काढली. मला स्वतःला त्यातले भूत फारसे भ्यायला लावत नाही. राखणदार, देवचार आणि म्हापुरुष यांच्या शेजारात वाढलेल्या माणसाला भुताचे काय! भीती वाटली ती बापाच्या हावेची दीक्षा घेणाऱ्या मुलाची. असे वाडे आणि असे मुलगे आम्ही पाहिले आहेत. फक्त तिथे सोन्याच्या मोहरांऐवजी सामायिक जमिनीचा सात-बारा असतो.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हल्ली सिनेमा लागण्याआधीच जाहिरातीत त्याला कल्ट म्हणतात. लोणचे घातले त्याच दिवशी ‘मुरलेले लोणचे’ अशी चिठ्ठी बरणीवर लावावी तसे हे झाले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही आकाशात गेलो. नातीने स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ लावला. माणूस चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. हा सिनेमा १९६८ चा. खरे सांगतो, मला दोनदा झोप लागली. जाग आली तेव्हा एक यान तितक्याच सावकाश निघालेले होते. परंतु यानातला तो संगणक माणसांवर उलटतो, आणि शेवटी त्याची एकेक स्मृती काढून घेतली जात असताना ‘मला भीती वाटते’ असे शांत आवाजात सांगतो, तेव्हा मी ताठ बसलो. आज आपल्या हातातले यंत्र आपल्याशी गोड बोलते, पत्र लिहून देते, शंका सोडवते. ते बंद करताना आपल्याला वाईट वाटू लागेल तो दिवस दूर नाही. कुब्रिकला ते जवळपास साठ वर्षांपूर्वी दिसले, म्हणून माझी झोप मी त्याला माफ केली. त्यानेही ती मला करावी.

त्यानंतरचा तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’. १९७९ सालचा हा रशियन विज्ञानपट, आणि त्यात यंत्र म्हणून नाव घ्यावे असे काही नाही. गवत आहे, पाणी आहे, गंजलेले लोखंड आहे. एका निषिद्ध प्रदेशात एक खोली आहे. तिथे गेले की मनातली सर्वांत खोल इच्छा पुरी होते. तिघेजण तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचतात आणि आत कोणीच जात नाही. घरातले सगळे पेंगले होते, पण मी हा सिनेमा एका बैठकीत पाहिला. आमच्या गावच्या देवराईत लहानपणी वडीलधाऱ्यांबरोबर जाताना हेच वाटे. काय आहे आत? झाडे. मग पायताणे बाहेर का काढायची? कोणी सांगत नसे, आणि तरी सगळे काढत. आपल्याला खरोखर काय हवे आहे हे कळले तर काय होईल, या भीतीने तिघे उंबऱ्यावर थांबतात. रॉकेट न उडवता विज्ञानपट होऊ शकतो, हे मला त्या रात्री समजले.

तेव्हा विज्ञानपट म्हणजे काय, यावरही माझे मत बनले. एक ‘जर’ घ्यायचा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहायचे. बाकी खर्चाचा प्रश्न. मूळच्या नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ २०२० साली नेटफ्लिक्सवर आला. त्यांचा ‘जर’ असा : राक्षसांचा माणसांशी तह झाला आहे, आणि मेलेल्या माणसांना पुनर्जन्मासाठी तयार करण्याचे काम ते एका अंतराळयानात नोकरी म्हणून करतात. मेलेला माणूस येतो, त्याच्याजवळच्या वस्तू काढून घेतात, आठवणी पुसतात, पुढे पाठवतात. यानावरचा जुना कर्मचारी वर्षानुवर्षे एकटाच हे करतो आहे, आणि त्याच्या हाताखाली नवी मुलगी रुजू होते. मी तर हसत सुटलो. ते यान म्हणजे थेट आमची कचेरी! आवक, नोंद, जावक. पण शेवटी माझे हसू विरले. तीस वर्षांत माझ्या टेबलावरून किती वारसदाखले गेले असतील, आणि त्यातल्या किती माणसांचा चेहरा मी पाहिला? हा प्रश्न मला निवृत्तीच्या निरोप समारंभात कोणी विचारला नव्हता. एका लहानशा विज्ञानपटाने विचारला.

इथे माझा मुद्दा येतो. असा सिनेमा मराठीत इतका दुर्मीळ का? बीज तर आपल्याकडे पहिल्यापासून होते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कॅमेऱ्याची परीक्षा म्हणून काय चित्रित केले, तर कुंडीतला वाटाणा! रोज थोडे थोडे चित्रण करून, दाणा रुजतो, कोंब येतो, वेल वाढतो हे त्यांनी पडद्यावर काही क्षणांत घडवून दाखवले. काळ आवळून दाखवणारे ते यंत्रच नव्हते का? पुढे ‘लंकादहन’ आणि ‘कालियामर्दन’मध्ये तीच करामत पुराणाकडे वळली, आणि आपण पुराणातच रमलो.

कथांचाही तुटवडा नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. लेखक निघाले डॉ. जयंत नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनीही विज्ञानकथा लिहिल्या, आणि त्यांच्या एका कथेवर बीबीसीने १९६१ साली मालिका केली. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांची पुस्तके आमच्या पिढीने वाचनालयात नंबर लावून वाचली. नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणजे साहित्याने विज्ञानकथेला पाट मांडून बसवले. २० मे २०२५ रोजी ते गेले. सिनेमाने मात्र त्यांच्या दारावर नीट थाप मारली नाही, ही खंत राहिलीच.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’त २०१६ साली होलोग्रामची नायिका होती. आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ च्या ‘झोंबिवली’त डोंबिवलीच्या उंच इमारती, शेजारची वस्ती आणि दूषित पाणी यांतून चालती प्रेते तयार झाली. मला ‘झोंबिवली’ आवडला, कारण त्यातला ‘जर’ आपल्या नळातून आला होता. पण पुढे त्याच दिग्दर्शकाला मोठे यश मिळाले ते २०२४ च्या हिंदी ‘मुंज्या’ने, म्हणजे पुन्हा कोकणातल्या भुतानेच. आमच्या जिल्ह्यातल्या आकेरीचा वाडा ‘रात्रीस खेळ चाले’मुळे असा गाजला, की पर्यटक तो पाहायला येऊ लागले. कोकण म्हटले की भूत, हे समीकरण झाले आहे. भूत म्हणजे मागे राहिलेला काळ. पुढे येणाऱ्या काळाची गोष्ट कोकणात घडवावी, असे कोणाला का वाटू नये?

हे मी नातीला तावातावाने सांगत होतो, तेव्हा तिने उत्तर दिले नाही. तिने शेवटचा सिनेमा लावला. ख्रिस्तोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’, २०१४ सालचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे पुन्हा लागला, तेव्हा तिने पुण्यात मैत्रिणींबरोबर पाहिला होता. ‘हा मला तुमच्याबरोबर पाहायचाय,’ एवढेच म्हणाली.

पृथ्वीवर पिके मरत चालली आहेत. दहा वर्षांच्या मुलीला मागे ठेवून बाप नवी जमीन शोधायला निघतो. एका ग्रहावर कृष्णविवराच्या ओढीने काळ इतका मंद आहे, की तिथला एक तास म्हणजे इथली सात वर्षे. पुढे ज्यांना नोबेल मिळाले त्या किप थॉर्न यांनी या सिनेमाचे विज्ञान तपासून दिले, तेव्हा ही थाप नव्हे. बाप थोडा वेळ पाण्यात अडकून यानात परततो, तर तेवीस वर्षे उलटून गेलेली. मुलांचे साठलेले निरोप तो एकामागून एक पाहतो. मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होतात.

आमच्या घरातून इतका वेळ मागे बसून तांदूळ निवडणे चालले होते. ते थांबले. ‘हो माणूस पाण्यात वायच रवलो, आणि हकडे तेवीस वर्सां गेली?’ ती म्हणाली. ‘ह्या तर आमच्या चाकरमान्यांचा झाला!’

मला त्यानंतर पडदा नीट दिसेना.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत होते. मी लहान असताना ते वर्षातून एकदा, फार तर दोनदा, बोटीने मालवण बंदरात उतरत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागत. घरी आले की ट्रंक उघडण्याआधी ते मला दाराच्या चौकटीला उभे करीत आणि डोक्यावर आडवा हात धरून कोळशाची रेघ ओढीत. ‘एवढो वाढलंस?’ असे दर वेळी नव्याने म्हणत. चौकटीवरच्या त्या रेघा म्हणजे आम्हा बापलेकांच्या भेटींची यादी होती. मधली मोकळी जागा म्हणजे त्यांचे पाळीचे भोंगे आणि आमचे पावसाळे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. तो मिटेना, तेव्हा बाबा कायमचे गावी आले. मी तोवर नोकरीला लागलो होतो. चौकटीला उभे करायला त्यांना कोणी उरले नव्हते. ओटीवर आम्ही समोरासमोर बसत असू आणि पाऊस केव्हा लागेल याखेरीज बोलायला विषय नसे.

सिनेमातला बाप परततो तेव्हा तरुणच असतो, मुलगी म्हातारी झालेली. आमच्याकडे उलटे झाले. जो दूर गेला तोच आधी म्हातारा झाला. छातीत कापसाची पूड घेऊन आलेले बाबा आईपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे दिसत. आइन्स्टाइनच्या गणितात हे बसत नाही, पण कोकणातल्या निम्म्या घरांच्या गणितात बसते. ते त्यांच्या हयातीत मला मांडता आले नाही. परक्या भाषेतल्या, परक्या आकाशातल्या एका गोष्टीने ते मांडून दिले. हा सिनेमा मी आधी पाहिला असता, तर कदाचित एखाद्या संध्याकाळी त्यांना विचारले असते, ‘बाबा, तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजले होते?’

म्हणून मला मराठी, कोकणी मातीतला विज्ञानपट हवा आहे. हौस म्हणून नव्हे. आमच्या मालवणजवळचे देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. लाटा ती खात आहेत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्याला जो तडाखा दिला तो आम्ही पाहिला. जर पन्नास वर्षांनी देवबाग पाण्याखाली असेल तर? जर आंब्याला मोहोरच आला नाही तर? तेव्हा चाकरमानी कुठून कुठे परततील? जत्रा कुठल्या जमिनीवर भरेल? यासाठी अवकाशयान नको. दशावतारातले एक बाकडे, एक पडाव आणि धीराचा लेखक पुरेल. २०२५ च्या ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी सिंधुदुर्गातला म्हातारा दशावतारी उभा केला आणि गर्दी झाली, म्हणजे या मातीतले माणूस पाहायला प्रेक्षक येतो. तात्या विंचू साकारणारेही तेच. तेव्हा एकाच आयुष्यात भूतही होता येते आणि माणूसही, मग भविष्यानेच काय घोडे मारले आहे?

सुट्टी संपली. नात पुढच्या वर्षी शिकायला जर्मनीला जाणार आहे. ते तिने जाता जाता सांगितले, आणि शेवटचा सिनेमा माझ्याबरोबर का पाहायचा होता ते माझ्या उशिरा लक्षात आले. ओरोसलाच सिंधुदुर्ग स्थानक आहे, गाडी रात्रीची होती. निघण्यापूर्वी मी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभे केले. ‘आजोबा, मी आता वाढणार नाही,’ ती हसून म्हणाली. ‘माहीत आहे,’ मी म्हटले आणि रेघ ओढली. कोळसा हल्ली घरात नसतो. तिच्याच पेनने ओढली, आणि शेजारी तारीख घातली.

गाडी गेल्यावर घरी येऊन कांद्यांच्या टोपलीत पाहिले. आमच्या घरातून मोबाइल तिथेच ठेवलेला होता.